गोळी सुरू केलीत, बंद कधी करणार?

दर महिन्याच्या २८ तारखेला माझ्या दुकानात वृद्धाश्रमांच्या याद्या येतात. पुण्यात धायरीच्या बाजूला गेली एकोणीस वर्षं माझं मेडिकल आहे, या पट्ट्यात मागच्या काही वर्षांत बंगले भाड्याने घेऊन बरीच केअर सेंटरं निघाली, त्यातल्या तीन ठिकाणची महिन्याची औषधं माझ्याकडून जातात. यादीत एकेक आजी-आजोबांचं नाव, पुढे बीपीची गोळी, शुगरची, थायरॉईडची, रक्त पातळ करायची, आणि सगळ्यात शेवटी रात्रीची एक, डोकं शांत करायची. क्वेटियापिन पंचवीस, नाहीतर क्लोनाझेपाम पॉइंट फाइव्ह, कुठे रिस्पेरिडोन, कुठे दोन्ही. ही शेवटची ओळ इतकी वर्षं बघतोय की एक गोष्ट डोळे मिटून सांगता येते. नवीन माणूस आला की पहिल्या यादीत रात्रीची गोळी बहुतेक नसते, दुसऱ्या यादीत येते, आणि एकदा आली की ते नाव यादीत असेपर्यंत हलत नाही. नाव कमी होतं तेव्हाच ती कमी होते.

माझं म्हणणं सरळ आहे. वृद्धाश्रमात आल्यावर डोकं शांत करायची जी गोळी सुरू होते तिच्यापुढे ती कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला बंद करून बघायची हे लिहिलेलं असलंच पाहिजे. सुरू करणाऱ्या डॉक्टरने ते लिहावं, घरच्यांनी ते मागावं आणि आम्ही दुकानदारांनी ते नसेल तर फोन उचलून विचारावं. मी स्वतः हे इतकी वर्षं केलं नाही, आणि ते का करायला पाहिजे हे मला आत्यामुळे कळलं.

आत्या वाईची. नवरा गेल्यावर पंचवीस वर्षं दोन खोल्यांत एकटी राहिली, मुलगा मेलबर्नला. मागच्या वर्षी मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, पुण्यात आणून ऑपरेशन केलं. तिसऱ्या रात्री वॉर्डात ओरडायला लागली, सलाईन उपसून टाकलं, मला म्हणाली तुम्ही कोण आणि माझ्या घरात कसे काय आलात. आम्ही सगळे हादरलो. म्हाताऱ्या माणसाला मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होणं खरं तर खूप कॉमन आहे, त्याला डिलिरियम म्हणतात, आणि मूळ कारण सापडलं की बहुतेकांचा काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत ओसरतो. पण त्या रात्री सिस्टर एकटी, पेशंट तीसेक, तेव्हा क्वेटियापिन सुरू केलं, आणि त्या वेळेला ते बरोबरच होतं असं मी आजही म्हणेन. चूक पुढे झाली. डिस्चार्ज कार्डावर बाकीच्या गोळ्यांच्या खाली तीही ओळ तशीच उतरली, किती दिवस ते लिहिलेलं नाही, आणि आत्या हॉस्पिटलमधून थेट आमच्या भागातल्या एका केअर सेंटरला गेली कारण वाईच्या घराला जिना आणि माझ्या घरी लिफ्ट नाही.

तिथे ती पहाटे साडेचारला उठायची. उठून वॉकर घेऊन दारं वाजवत फिरायची, मावशी झोपवायला गेली की हात झटकायची. मग डॉक्टर आले तेव्हा सांगितलं गेलं की आजी रात्रभर फिरतात, मारतात, बाकीच्यांना झोपू देत नाहीत. क्वेटियापिन पंचवीसचं पन्नास झालं आणि क्लोनाझेपाम एसओएस, म्हणजे गरज पडली तरच.

दिवाळीच्या गडबडीत मला तीन आठवडे जाणं झालं नाही. गेलो तेव्हा आत्या खुर्चीत एका अंगाला कलंडलेली, हनुवटीखाली गाऊन लाळेने ओला, हातात ग्लुकोज बिस्किट तसंच धरलेलं, बोटांत भिजून त्याचा लगदा झालेला, ते तोंडापर्यंत न्यायचं असतं हे हाताला आठवत नव्हतं. ब्रदर अगदी मनापासून म्हणाला, आता एकदम शांत आहेत आजी, काही त्रास नाही. मी दुकानात आलो आणि त्यांचं बिल काढून बघितलं. एसओएस लिहिलेल्या क्लोनाझेपामच्या महिन्याला तीस गोळ्या गेल्या होत्या. तीस. महिन्याचे दिवस तीस आणि गोळ्या तीस, म्हणजे गरज रोज पडत होती, किंवा कोणी गरज बघतच नव्हतं. त्या मीच मोजून पाकिटात घातल्या होत्या, माझ्याच अक्षरात नोंद आहे, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

नंतर वृद्धांच्या आजारातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. लघवीत इन्फेक्शन निघालं, पोट चार दिवस साफ नव्हतं, आणि कानातलं मशीन हॉस्पिटलातच कुठेतरी राहिलं होतं, म्हणजे बाई जवळजवळ बहिरी होऊन अनोळखी जागेत वावरत होती आणि कोण काय बोलतंय ते तिला कळत नव्हतं. पहाटेचं कारण तर मला माहीत असायला हवं होतं. तिच्या गल्लीत पाणी पहाटे यायचं. पंचवीस वर्षं साडेचारला उठून बादल्या भरलेली बाई आहे ती, ती बादली शोधत होती.

आतेभावाला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, दादा, इकडे यावरून केवढा गदारोळ झाला तुला माहितीये का. तेव्हापासून मी वाचायला लागलो. ऑस्ट्रेलियात वृद्धसेवेवर रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी आयोग बसलं होतं, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा अंतरिम अहवाल आला, त्याला त्यांनी नावच दिलं ‘निग्लेक्ट’ म्हणजे हेळसांड, आणि ज्या तीन गोष्टींवर ताबडतोब हात घाला असं त्यात म्हटलं त्यातली एक म्हणजे औषधांनी माणसाला बांधून ठेवणं. २०२० साली तिथल्या मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियात एक अभ्यास छापून आला, वृद्धसेवा केंद्रात राहायला गेलेल्या तीन लाखांहून जास्त लोकांच्या औषधांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. आत गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत साधारण २१ टक्के लोकांना अँटीसायकोटिक म्हणजे क्वेटियापिन-रिस्पेरिडोनच्या जातीचं औषध मिळालं, ३१ टक्क्यांना क्लोनाझेपाम-डायझेपामच्या जातीचं, ३८ टक्क्यांना डिप्रेशनचं. आणि हे प्रमाण आत जायच्या आधीपेक्षा आत गेल्यावर वाढलेलं होतं. मी माझ्या दुकानात बसून जे दुसऱ्या यादीत बघतो ते तिकडे तीन लाख माणसांच्या नोंदींत दिसतंय.

असं का होतं यावर मी खूप विचार केला. घर सुटणं हा त्या वयात फार मोठा धक्का असतो, संडास कुठल्या बाजूला ते अंधारात सापडत नाही, जेवणाची वेळ बदलते, शेजारच्या कॉटवर परकं माणूस घोरत असतं. ज्याला थोडं विस्मरण सुरू झालंय तो पहिले काही आठवडे बिथरणारच, मला घरी न्या म्हणणारच. आणि नेमक्या याच आठवड्यांत त्या जागेतल्या एकाही माणसाला तो माहीत नसतो. हा आधी कसा होता, काय खायचा, किती वाजता उठायचा, कशाने चिडायचा, काहीच नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तासाभरात वीस-पंचवीस जणांना बघतात, त्यांना जे कळतं ते मावशीच्या दोन वाक्यांतून. त्या दोन वाक्यांवर गोळी सुरू होते, पुढच्या वेळी फाईलवर सीएसटी लिहिलं जातं, म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, आणि मग ते सीएसटी वर्षानुवर्षं चालतं. माणूस तोवर जागेला रुळलेला असतो, गोळी नसती तरी रुळला असता का हे बघायला कोणी थांबलेलं नसतं.

या गोळ्या काय करतात हेही सांगायला पाहिजे, कारण घरच्यांना वाटतं झोपेचीच तर आहे. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने २००५ मध्ये नव्या पिढीच्या अँटीसायकोटिक औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या म्हाताऱ्या माणसांवरच्या १७ चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तर साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्यांत मृत्यू ४.५ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. २००८ मध्ये हाच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही आला. इंग्लंडमध्ये प्राध्यापक बॅनर्जी यांनी सरकारसाठी २००९ मध्ये अहवाल केला, त्यात अंदाज होता की तिथे डिमेन्शियाच्या १ लाख ८० हजार लोकांना ही औषधं चालू आहेत, त्यातल्या ३६ हजारांच्या आसपास लोकांना काहीतरी फायदा होतो, आणि या औषधांपायी वर्षाला १८०० जादा मृत्यू होतात. क्लोनाझेपामचं तर म्हाताऱ्या शरीरात आजची गोळी पूर्ण उतरायच्या आत उद्याची पडते, साठत जाते, मग दिवसा गुंगी, तोल जाणं, पडणं, परत हाड मोडणं.

अजून एक प्रकार आम्हा दुकानदारांनाच जास्त दिसतो. रिस्पेरिडोनने अंग आखडतं, हात थरथरतो, त्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल जोडतात, आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीतही मिळतात. आता ट्रायहेक्सीफेनिडिलने स्मरणशक्ती अजून बिघडते, लघवी तुंबते, पोट साफ होत नाही, त्याने माणूस अजून अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ झाला म्हणून रिस्पेरिडोन वाढतं. यादीत हे तीन-चार महिन्यांत एका नावापुढे घडताना मी बघितलंय आणि तेव्हा वाटायचं की आजोबांचा आजार वाढत चाललाय.

ज्या अभ्यासाने माझं मत पक्कं झालं तो इंग्लंडचाच, २००९ मधला. केअर होममध्ये राहणारे अल्झायमरचे १६५ पेशंट, सगळ्यांना आधीपासून ही औषधं चालू. अर्ध्यांची तशीच चालू ठेवली, अर्ध्यांना त्यांच्या जागी खोटी गोळी दिली. दोन वर्षांनी, औषध चालू ठेवायचं ठरलेल्या गटात ४६ टक्के जिवंत होते आणि खोटी गोळी दिलेल्या गटात ७१ टक्के. हा आकडा मी आत्याच्या मुलाला वाचून दाखवला तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण वर्षानुवर्षं कोणी न बघता चालू ठेवणं याच्या बाजूने मला कुठे काही सापडलेलं नाही.

कोणी म्हणेल, मग काय रात्रभर मारहाण सहन करायची का मावश्यांनी? नाही. काही माणसांना खरंच भास होतात, जेवणात विष घातलंय वाटतं, शेजारच्याचा गळा धरतात, तिथे औषध लागतं आणि ते दिल्याने त्या माणसाचीच भीती कमी होते. डिप्रेशनची गोळी काही जणांना परत जेवायला लावते, ज्यांचा जुना मानसिक आजार आहे त्यांचं औषध तर बंद होताच कामा नये. आणि हे वाचून कृपा करून कोणी उद्या आईची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते, ते उतरवत न्यावं लागतं. आत्याचंही सहा आठवडे लागले, मधे पाच-सहा रात्री वाईट गेल्या, केअर सेंटरवाले मला म्हणाले तुम्हीच येऊन झोपा इथे, आणि मी झोपलो.

त्या रात्रींमध्ये मी मावश्यांचं काम जवळून बघितलं. अठ्ठावीस जणांमागे रात्री दोघी. एक जण डायपर बदलत असते तोवर दुसऱ्या खोलीत कोणी कॉटवरून पाय खाली सोडलेला असतो, तो पडला तर सकाळी घरचे मॅनेजरवर ओरडणार आणि मॅनेजर तिच्यावर. तिने डॉक्टरांना काहीतरी द्या म्हटलं तर तिला दोष देणं मला जमणार नाही. दोष आहे तो हिशेबाचा, क्वेटियापिनच्या अख्ख्या स्ट्रिपला तिच्या एका रात्रीच्या पगारापेक्षा कमी पैसे पडतात, तिसरी मावशी ठेवण्यापेक्षा स्ट्रिप स्वस्त पडते आणि तिची जबाबदारी सही करणाऱ्या डॉक्टरवर जाते. आणि आपण घरचे? जागा बघायला जातो तेव्हा पंखे, जेवण, टीव्ही, महिन्याचे पैसे सगळं विचारतो, रात्री किती माणसं ड्यूटीला असतात हे विचारत नाही. उलट कितीतरी मुलं दुकानात येऊन मला सांगतात, डॉक्टरांना बोलून ठेवलंय, शांत राहायची गोळी द्या म्हणजे तिथे ऍडजस्ट होतील. वाईट माणसं नाहीत ही, थकलेली असतात, दोन-दोन वर्षं रात्री जागून मग इथवर आलेली असतात.

पण आधी करण्यासारखं बरंच असतं. नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या ३५२ लोकांवर एक प्रयोग झाला, तो २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बिथरलेल्या, आरडाओरडा करणाऱ्या माणसांपैकी अर्ध्यांना पायरीपायरीने दुखण्यावरचं औषध दिलं, सुरुवात साध्या पॅरासिटामॉलपासून, आणि आठ आठवड्यांत त्यांचा बिथरेपणा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला. गुडघा दुखतो, दात दुखतो, हे सांगायला शब्दच उरलेले नसतात तेव्हा माणूस हात झटकतो. आमच्या यादीत गुडघ्यांचे एक्सरे झालेल्या आजी असतात, त्यांच्या नावापुढे क्वेटियापिन असतं आणि पॅरासिटामॉल नसतं.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेने १९८७ मध्येच लिहून ठेवलंय की नर्सिंग होममधल्या माणसाला शिस्त लावायला किंवा स्टाफच्या सोयीसाठी औषधाने जखडायचं नाही. पाळलं किती जातं हा वेगळा विषय, पण लिहिलं तरी आहे. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२० पासून डिमेन्शियातल्या वागणुकीसाठी सरकारी सवलतीत रिस्पेरिडोन १२ आठवड्यांपुढे द्यायचं तर डॉक्टरला वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे मी जी तारीख मागतोय ती तिकडे एका औषधापुरती तरी आली. आपला २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम हवा म्हणतो, आत दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचा. त्याच्या व्याख्येत विचार, मूड यांच्याबरोबर भान आणि स्मृती यांचाही उल्लेख आहे, म्हणजे डिमेन्शिया त्यात बसतो असं मी धरतो. आणि त्याच कायद्याचं २२ वं कलम पेशंटला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला उपचार काय ठरलेत आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम काय हे समजून घ्यायचा हक्क देतं. तेव्हा पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा फाईल मागा. ही गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, तेव्हा काय झालं होतं, कमी करून बघितली का, एसओएसच्या महिन्यात किती दिल्या, हे विचारा. वाकडं तोंड करतील, तरी विचारा. आणि दाखल करतानाच एक कागद लिहून द्या, चष्मा-कवळी-कानाचं मशीन कोणतं, उठायची वेळ, कशाने चिडतात, कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात. आत्याला तिथे सगळे आजी म्हणायचे, तिला आयुष्यात कोणी आजी म्हटलेलं नाही, गल्लीभर ती माई होती.

सुरुवात मी माझ्यापासून केली आहे. अल्प्राझोलाम, झोलपिडेम या एच-वनमधल्या, म्हणजे वेगळं रजिस्टर ठेवायच्या सरकारी यादीतल्या, गोळ्यांची नोंद आम्हाला तीन वर्षं ठेवावीच लागते, तेव्हा कोणत्या नावाला किती महिने झाले हे माझ्याच रजिस्टरला दिसतं. क्वेटियापिन, रिस्पेरिडोनला ते रजिस्टर लागत नाही, तर त्यांच्यासाठी आणि क्लोनाझेपामसाठी साधी वही केली. यादीवर पेन्सिलने सुरू झाल्याचा महिना लिहून पाठवतो आणि शेजारी एक रिकामी जागा ठेवतो, तारखेची. एका केअर सेंटरच्या मॅनेजरने फोन करून सांगितलं की तुम्ही औषधं द्यायचं काम करा, नाहीतर दुसरं दुकान बघतो. दुसऱ्याच्या डॉक्टरांनी मात्र यादी समोर घेऊन दोन नावांपुढची गोळी खोडली.

आत्या आता वॉकरने जेवणाच्या टेबलापर्यंत जाते. पूर्वीसारखी झालेली नाही, मला कधी दादा म्हणते कधी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारते, पण बिस्किट चहात बुडवून खाते, आणि पहाटे मावशी तिला मोरीत नळाखाली छोटी बादली लावून देते, ती भरली की आत्या परत झोपते.

या महिन्याच्या तीन याद्यांत मिळून चौतीस नावांपुढे रात्रीची गोळी आहे. नऊ नावांपुढे तारीख लिहून आली. उरलेल्या पंचवीस जणांची वही घेऊन सोमवारी डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा मी जाणार आहे.